हौसेला मोल नाही, सर्व्हरला झोप नाही!

मंडळी, आज सकाळपासून मोबाइलवर किती वेळा बोट फिरवलंत? भाजीवाल्याला यूपीआय, ऑफिसला कॅब, फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगचा गुलाब... या प्रत्येक टिचकीमागे कुठेतरी एक 'इन्फ्रा'वाला किंवा इन्फ्रावाली बसलेली असते. इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनीअर! सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, सगळं यांच्या गळ्यात. नशीब मात्र प्लंबरचं. नळाला पाणी आहे तोवर कुणाला आठवण नाही, पाणी गेलं की फोनवर फोन!

पण खरी गंमत ऑफिस सुटल्यावर. दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे आणि घरी येऊन आराम म्हणून काय करायचं? तर स्वतःचे सर्व्हर सांभाळायचे! आणि माहीत आहे का? अशाच फावल्या वेळच्या उद्योगांवर इंटरनेटचा बराचसा डोलारा उभा आहे. घ्या तर मग, एकेक किस्सा!

भविष्य साफ चुकलं!

जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर कशावर चालतात? लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७च्या यादीपासून स्कोअर आहे ५०० पैकी ५००! आणि याची सुरुवात? २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्स या पोरानं जाहीर केलं, की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, पण नुसती हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. प्रोग्रामर म्हणून पैकीच्या पैकी, ज्योतिषी म्हणून भोपळा!

बारशाला आत्या कोण?

टोरवाल्ड्सच्या मनात या सिस्टिमचं नाव होतं 'फ्रीक्स'. पण फाइल्स ज्या सर्व्हरवर ठेवायच्या तो सांभाळणाऱ्या आरी लेम्केला ते काही रुचलं नाही. त्यानं फोल्डरला परस्पर नाव दिलं 'लिनक्स'. म्हणजे बारशाला आत्याचा मान कुणी पटकावला? इन्फ्रावाल्यानं!

चोचीचा प्रसाद

लिनक्सचं चिन्ह पेंग्विन का, माहीत आहे का? ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका छोटुकल्या पेंग्विननं टोरवाल्ड्सना चोच मारली. साहेब चिडायच्या ऐवजी प्रेमातच पडले. १९९६मध्ये लॅरी ईविंगनं 'टक्स' पेंग्विन चितारला आणि जोडी जमली. आपल्या राणीच्या बागेत पेंग्विन काचेआड आहेत म्हणून बरं, नाहीतर भायखळ्यातून दर रविवारी एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम निघाली असती.

बायको सासरी, नवरा भरारी!

साल १९६९. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनला कोपऱ्यात पडलेलं एक पीडीपी-७ मशीन सापडलं. त्यानं आधी त्यावर काय केलं? अंतराळातला गेम चालवला! मग त्याची बायको वर्षाच्या बाळाला आजी-आजोबांना दाखवायला तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. माहेरी नव्हे बरं का, चक्क सासरी! घरात शांतता. एक आठवडा एडिटर, एक आठवडा असेंब्लर, एक आठवडा कर्नल... आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती उभी राहिली. एरवी बायको गावाला गेली की नवरे फार तर मॅगीत पदवी मिळवतात.

सुट्टीत करायचं काय?

१९८९चा नाताळ. ॲमस्टरडॅममध्ये ऑफिस बंद, हाताला काम नाही. गीडो व्हान रोसम कंटाळला आणि सुट्टीत चाळा म्हणून एक कॉम्प्युटर भाषा लिहायला बसला. तीच पायथन! नाव सापावरून नाही हं, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. आज सर्व्हरच्या सतरा भानगडी ऑटोमेट करायच्या म्हटलं, की इन्फ्रावाल्याचा हात आधी पायथनकडेच जातो.

रुसवा आला कामी

एप्रिल २००५. लिनक्सचा कोड ज्या टूलमध्ये ठेवत होते, त्या बिटकीपरचा फुकट परवाना बंद झाला. टोरवाल्ड्स म्हणाले असतील, गेलात उडत. ३ एप्रिलला त्यांनी स्वतःचं टूल लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला ते टूल स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. हेच ते गिट. आज कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत जा, सकाळची सुरुवात याच्याच नावानं होते.

डॉलरचा भाव आणि गाडीचा घोळ

स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९६च्या सुमारास चॅटरूमसाठी एक बॉट बनवत होता. बॉटला चलनांचे ताजे दर हवे होते, ते नेटवरून आणायला त्यानं एक छोटंसं टूल हाताशी धरलं आणि वाढवत नेलं. १९९८मध्ये त्याचं नाव झालं 'कर्ल'. आज ते फोन, टीव्ही, गाड्या, सगळीकडे आहे. खुद्द स्टेनबर्गचा अंदाज, २,००० कोटींहून जास्त ठिकाणी!

आता गंमत ऐका. गाडीच्या स्क्रीनवर लायसन्सच्या मजकुरात त्याचा ईमेल पत्ता दिसतो. मग गाडीचा जीपीएस बिघडला की लोक थेट त्यालाच मेल टाकतात! बिचाऱ्यानं गाडी बनवलेलीच नाही.

मंगळावर मेंबरशिप!

१९ एप्रिल २०२१. 'इंजेन्युइटी' हे पिटुकलं हेलिकॉप्टर मंगळावर उडालं. त्यावर काय होतं, माहीत आहे का? लिनक्स! त्या मोहिमेत ज्यांचा ज्यांचा ओपन सोर्स, म्हणजे सर्वांसाठी खुला, कोड वापरला गेला, अशा जवळपास १२,००० डेव्हलपरांना गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं खास बॅज दिला. कित्येकांना तोवर पत्ताच नव्हता, की आपला रविवारचा उद्योग मंगळावर पोचलाय. म्हणे मंगळ असला की लग्न जमत नाही. इथे तर बायोडेटाच जमला!

त्रिकोणी टोपीचं गुपित

व्हीएलसी प्लेअरचा तो नारिंगी शंकू आठवतो ना? १९९६, फ्रान्सचं एकोल सेंट्राल कॉलेज. होस्टेलच्या पोरांचं नेटवर्क इतकं मंद, की गेम खेळायची पंचाईत. पण 'गेमसाठी फास्ट नेट द्या' म्हणून पैसे कोण देणार? मग शक्कल निघाली, नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचा प्रोजेक्ट करू! त्यातून व्हीएलसीचा जन्म झाला. शंकू कुठून आला? नेटवर्क सांभाळणारी ही मुलं रस्त्यावरचे ट्रॅफिक कोन गोळा करून खोलीत आणायची. डाउनलोडचा आकडा २०२५पर्यंत ६०० कोटींवर गेला. गेमिंगला नावं ठेवणाऱ्या पालकांनो, वाचताय ना?

युद्धनौकेतून तुमच्या खिशात

तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज ज्या एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, त्याची मुळं अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका प्रोजेक्टमध्ये आहेत! तिथला मोठा डेटाबेस सर्व्हर अधूनमधून बंद पडायचा आणि ठपका यायचा रिचर्ड हिप यांच्या प्रोग्रॅमवर. मग २०००मध्ये त्यांनी असा डेटाबेस लिहिला, ज्याला सर्व्हरच लागत नाही. ना रहे बांस! आज जगात असे एक लाख कोटींहून जास्त डेटाबेस वापरात असावेत, असा त्याच्या कर्त्यांचा हिशेब आहे. किंमत? शून्य. कॉपीराइट? तोही सोडून दिलेला.

आळसाचा पहिला लाइव्ह शो

जगातला पहिला वेबकॅम कशासाठी होता? कॉफीसाठी! १९९१मध्ये केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमधले संशोधक जिने चढून कॉफी घ्यायला यायचे आणि भांडं रिकामं. वैतागून त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. चित्र अवघं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, काळं-पांढरं. जागेवर बसून बघा, कॉफी असेल तरच उठा. १९९३मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक दुसऱ्याची कॉफी टक लावून बघू लागले. २००१मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. आणि कॉफीच्याही आधी? १९८२पासून अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कोकचं मशीन नेटवर्कला जोडलेलं होतं. बाटली आहे का आणि गार झाली का, दोन्ही कळायचं!

चुकलात? मग गाडी बघा!

लिनक्सवर फाइल्सची यादी बघायची कमांड आहे 'एलएस'. घाईत बोटं उलटी पडली आणि 'एसएल' टाइप झालं तर? जपानच्या मासाशी तोयोदा यांनी त्यासाठी १९९३मध्ये एक खोडकर प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर उजवीकडून अख्खं वाफेचं इंजिन धूर सोडत येतं आणि निवांत डावीकडे जातं. तोवर तुम्ही हाताची घडी घालून बसायचं. लोकलला उशीर होतो ते परवडलं, ही मात्र कधीच रद्द होत नाही.

५०० मैलांची लक्ष्मणरेषा

आता जरा सावरून बसा, हा किस्सा इन्फ्रावाल्यांचा ऑल-टाइम फेव्हरिट आहे.

नव्वदचं दशक, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. सिस्टिम ॲडमिन ट्रे हॅरिसला संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन येतो: आमचे ईमेल ५०० मैलांपलीकडे जात नाहीयेत. हॅरिस मनात हसला. ईमेलला कुठे अंतर कळतं! पण समोर संख्याशास्त्राचे लोक. त्यांनी रीतसर नकाशा काढून ठेवलेला.

हॅरिसनं टेस्ट मेल टाकले. न्यूयॉर्क, ४२० मैल: पोचला. प्रॉव्हिडन्स, ५८० मैल: आपटला! आता घाम याला फुटला.

भानगड काय होती? सर्व्हर अपडेट करताना मेल पाठवणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवर गेला होता, सेटिंग्जची फाइल मात्र नव्या आवृत्तीची. जुन्याला नवी भाषा कळेना, त्यानं 'उत्तराची किती वाट बघू' या सेटिंगची किंमत धरली शून्य. त्या मशीनवर शून्य म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३ मिलिसेकंद. आणि ३ मिलिसेकंदांत प्रकाश किती लांब जातो, माहीत आहे का? सुमारे ५५८ मैल! त्यापलीकडचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत इकडून फोन ठेवलेला. प्रकाशाच्या वेगावर बिल फाडणारं हे बहुधा एकमेव आयटी तिकीट.

कबुतरखाना डॉट कॉम

१ एप्रिल १९९० रोजी इंटरनेटच्या नियमावलीत एक गंभीर चेहऱ्याचा विनोद दाखल झाला: कबुतराच्या पायाला डेटा बांधून नेटवर्क कसं चालवावं. नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सप्रेमींनी २००१मध्ये ते खरंच करून दाखवलं! नऊ पॅकेट पाठवली, चार उत्तरं परत आली. सर्वांत वेगवान उत्तराला लागली साधारण ५३ मिनिटं. उरलेली कबुतरं? भुर्रर्र.

हसू नका! २००९मध्ये दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतरानं ४ जीबीचं मेमरी कार्ड हाविकहून डर्बनला तासाभरात पोचवलं. कार्डावरचा डेटा उतरवून होईपर्यंत तोच डेटा घेऊन निघालेली ब्रॉडबँडची गाडी ४ टक्क्यांवरच अडकलेली. दादरच्या कबुतरांनो, रेझ्युमे तयार ठेवा.

नेटफ्लिक्सची वानरसेना

आपले चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारा प्रोग्रॅम कुणी लिहील का? नेटफ्लिक्सनं लिहिला! नाव 'केऑस मंकी'. हे माकड भर ऑफिसच्या वेळेत कुठलाही सर्व्हर बंद करतं. हेतू असा, की झटका बसायचाच तर सगळे जागे असताना बसू दे, रात्री तीनला नको. पुढे अशा माकडांची अख्खी फौज तयार झाली. लंका जळते, पण सिरीज चालू राहते.

सर्व्हरला खाऊ!

तैवानमधल्या सर्व्हर रूममध्ये मशीनवर कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलेलं दिसतं. ब्रँड 'क्वाई क्वाई', म्हणजे साधारण 'शहाण्यासारखं वाग'. पाकीट हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं आलबेल. एक्सपायरी उलटलेली चालत नाही आणि खायचं तर मुळीच नाही! आपणही काही कमी नाही हं. दसऱ्याला सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ आणि हळदीकुंकू लागतंच.

नऊचा पाढा

इन्फ्रावाल्यांचा लाडका आकडा कोणता? ९. सर्व्हिस वर्षभरात ९९.९ टक्के वेळ चालू हवी, म्हणजे बंद राहायची मुभा पावणेनऊ तास. ९९.९९९ टक्के हवी? मग अख्ख्या वर्षात फक्त सव्वापाच मिनिटं. चहाला उकळी येईपर्यंत वर्षाचा कोटा खल्लास!

माही आउट, होम पेजला फटका

१० जुलै २०१९, मँचेस्टर. वर्ल्ड कपची सेमीफायनल, धोनी क्रीजवर आणि हॉटस्टारवर एकाच वेळी २.५ कोटी लोक. गप्टिलचा थ्रो, धोनी रनआउट आणि आकडा धाडकन १० लाखांच्याही खाली! सर्व्हरला आराम मिळाला असं वाटलं ना? चूक! मॅच सोडणारा प्रत्येक जण 'बॅक' दाबतो आणि थेट होम पेजवर येऊन आदळतो. म्हणून तिथल्या इंजिनीअरना गर्दी येण्याइतकीच गर्दी जाण्याचीही तयारी करावी लागते. २०२३च्या फायनलला तर हा आकडा ५.९ कोटींवर गेला. निकाल? जाऊ दे, विषय बदलू.

पाच बॅकअप आणि एक लाइव्ह शो

३१ जानेवारी २०१७. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका दमलेल्या इंजिनीअरनं रात्री चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. सुमारे ३०० जीबीचा चालू डेटाबेस साफ! बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही नीट चालेना. एकाच्या हाताशी योगायोगानं सहा तास जुनी प्रत होती, तिनं लाज राखली. आणि कंपनीनं काय केलं, माहीत आहे का? दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं! महिनाभरातच, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या क्लाउडवर एक कमांड चुकीची टाइप झाली आणि असंख्य वेबसाइट चार तास लोळल्या. त्यांचा 'सगळं ठीक आहे का' सांगणारा बोर्डही त्याच क्लाउडवर. तो बराच वेळ हिरवाच!

एक फावडं, एक देश

मार्च २०११. जॉर्जियात ७५ वर्षांच्या एक आजीबाई तांब्याच्या शोधात जमीन खणत होत्या. फावडं लागलं फायबर केबलला आणि शेजारच्या आर्मेनियाचं इंटरनेट तासन्‌तास गुल! हॅकर म्हटलं की हुडी घातलेला तरुणच डोळ्यांसमोर आणायचा का?

सर्व्हर पाण्यात, चिंता नाही!

मायक्रोसॉफ्टनं २०१८मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हर एका टाकीत भरून समुद्रात सोडले. दोन वर्षांनी वर काढले, तर बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या एक अष्टमांश! आत नायट्रोजन भरलेला आणि वायर ओढायला माणूस नाही. थोडक्यात, सर्व्हरला सर्वाधिक धोका कुणाचा? आपलाच.

मुंबईचं घड्याळ कोलकात्यात

ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबईतलं केंद्र २०१६पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं २०१५पासून. पण दोन्हीकडच्या लिनक्स सर्व्हरवर भारतीय वेळ लावायची तर पर्याय एकच: 'एशिया/कोलकाता'! टाइम झोनच्या जागतिक यादीत मुंबई नाही, पुणे तर नाहीच. सदाशिव पेठेनं अजून निषेध कसा नोंदवला नाही?

बोनस फॅक्ट: स्वयंसेवक सांभाळत असलेल्या या यादीवर २०११मध्ये खटला कुणी भरला, ओळखा. अमेरिकेतल्या एका ज्योतिष सॉफ्टवेअर कंपनीनं! पुढच्याच वर्षी दावा मागे घ्यावा लागला. मुहूर्त चुकला असणार.

खुर्ची-टेबलातून सॉफ्टवेअर

मुंबईचे ऋषभ मेहता शिक्षणानं इंडस्ट्रियल इंजिनीअर. घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून ते स्वतःच कोडिंग शिकले आणि लिहून मोकळे झाले. त्यातून उभं राहिलं ईआरपीनेक्स्ट, जे आज देशोदेशीच्या कंपन्या वापरतात. ओपन सोर्स आणि फुकट. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं शब्दशः!

दिवेलागणीची वेळ

२०१३. पॉलस स्खाउटसनला घरातले दिवे सूर्यास्ताला आपोआप लागायला हवे होते. त्यानं पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा झाला 'होम असिस्टंट', घर ऑटोमेट करणाऱ्या हौशी मंडळींचं दैवत. तो चालतो कशावर? अनेकदा रास्पबेरी पायवर. हा ३५ डॉलरचा इटुकला कॉम्प्युटर बाजारात आला २९ फेब्रुवारी २०१२ला. म्हणजे वाढदिवसाची पार्टी चार वर्षांतून एकदा. इंजिनीअरांचं बजेट बघता, चोख प्लॅनिंग!

अर्धा सेकंद, अख्खं जग

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला जाणवलं, की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही दुर्लक्ष केलं असतं. हा पठ्ठ्या खोदत गेला आणि सापडलं काय? एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या टूलमध्ये लपवलेलं चोरदार! लासे कॉलिन हे टूल बिनपगारी, हौसेनं सांभाळत होता. 'मदत करतो' म्हणत एकानं दोन-अडीच वर्षं गोड बोलून विश्वास कमावला आणि मग घात केला. जगभरच्या सर्व्हरमध्ये पसरण्याआधीच ते चोरदार पकडलं गेलं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं बिल कुणीतरी एकटा भरत असतो, ते असं.

लांबून काम करण्याचा विक्रम

वर्क फ्रॉम होमचं कौतुक पुरे! व्हॉयेजर-१ यानाची मेमरी चिप २०२३च्या अखेरीस बिघडली. यान २,४०० कोटी किलोमीटरवर, एक संदेश पोचायला साडेबावीस तास. नासाच्या टीमनं कोडचे तुकडे करून ते मेमरीत इतरत्र बसवले आणि एप्रिल २०२४मध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. १९७७चं मशीन! 'एकदा रीस्टार्ट करून बघा' म्हणायचीही सोय नाही.

कॅलेंडरवर खूण करा

मंगळवार, १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. माहीत आहे का, काय होणार? १९७०पासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या ३२-बिट घड्याळांची मोजणी तिथे संपणार आणि पुढच्या सेकंदाला ती थेट डिसेंबर १९०१ दाखवणार! इन्फ्रावाल्यांची डागडुजी केव्हाच सुरू झाली आहे. नीट पार पडली, तर त्या सकाळी काहीच घडणार नाही. आणि काहीच न घडणं, हाच यांच्या धंद्यातला सुपरहिट शो.

शुक्रवारची कहाणी

या मंडळींसाठी एक दिवस आहे बरं का! जुलैचा शेवटचा शुक्रवार, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर डे. शिकागोच्या टेड केकाटोस यांनी २०००मध्ये सुरू केला, एका जाहिरातीवरून. तिच्यात सहकारी आपल्या ॲडमिनला फुलं आणि फळांच्या परड्या देताना दिसत होते.

तर यंदा ऑफिसातल्या तुमच्या इन्फ्रावाल्याला गरमागरम वडापाव द्या. वर एक प्रश्न विचारा, 'घरी सध्या काय बनवतोयस?' तासभर मोकळा ठेवा, उत्तर लांबेल. फक्त एक पथ्य पाळा: वार शुक्रवार आहे. भेट काहीही द्या, प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सर्व्हरवर, नवा कोड मात्र सोमवारीच!